फळ्यावरचं एक वाक्य

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो : 'सक्षम तेच जगतील.' मुलं ते पाठ करायची, पेपरात लिहायची, गुण मिळवायची. हे वाक्य माणसांच्या मनात शिरून पुढे काय करतं, ते मला फार उशिरा कळलं.

1. 'सक्षम' म्हणजे कुठे सक्षम, ते आधी विचारावं.

एका वर्षी धडा संपता संपता दहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. हातपाय ठणकायला लागले की चार-चार दिवस शाळा बुडायची. ती म्हणाली, "सर, मंग मी सक्षम नाही का?" वर्ग गप्प झाला. मीही.

उत्तर शोधायला मला आठवडा लागला. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा बदल घडवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर मूल आजारी होतं, म्हणजे एसएस. एकाकडूनच आलं तर ते मूल वाहक, म्हणजे एएस. अशा वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या तापापासून मोठं संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. आमचा जंगलपट्टा तर पिढ्यान्पिढ्या मलेरियाचा. म्हणजे जे जनुक त्या मुलीला रात्र रात्र रडवत होतं, त्यानेच तिच्या कितीतरी पूर्वजांना लहानपणी जगवलं होतं. मलेरिया नसलेल्या गावी मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. जनुक एकच, गाव बदललं की त्याची किंमत बदलते.

पुढच्या सोमवारी हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. फळ्यावरचं वाक्य अपुरं होतं, आणि ते मी 16 वर्षं तसंच लिहीत आलो होतो.

2. 'बळी तो कान पिळी' हा डार्विनचा सिद्धांत नाही.

मुलांना विचारलं, या वाक्याचा अर्थ काय, तर निम्मा वर्ग हीच म्हण सांगायचा. 'सक्षम तेच जगतील' हे शब्दही मुळात डार्विनचे नव्हेतच. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 चं. हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर यांनी 1864 मध्ये केला आणि डार्विनने तो 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. नैसर्गिक निवडीत हिशेब होतो तो त्या परिस्थितीत कुणाची संतती टिकली याचा. दांडगाई करणारा टिकेलच असं नाही, आणि टिकला म्हणून तो थोर ठरत नाही.

3. निसर्गात घडतं म्हणून ते योग्य, असं म्हणणाऱ्यापासून सावध राहावं.

डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन याने 1883 मध्ये युजेनिक्स हा शब्द घडवला. निसर्ग निवड करतो, तशी माणसांच्या प्रजननातही आपण निवड करावी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात. नाव मंगल, पण घडलं ते भयंकर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 1907 मध्ये 'अयोग्य' माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना मान्यता दिली आणि पुढच्या दशकांत एकूण 60,000 हून अधिक माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. नाझी जर्मनीने 1933 च्या कायद्याखाली सुमारे चार लाखांची नसबंदी केली. त्यानंतर अपंगांना आणि मनोरुग्णांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली.

याच काळात बर्लिनला एक मराठी मुलगी शिकत होती. इरावती कर्वे 1927 च्या सुमारास ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी.साठी गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाच्या श्रेष्ठतेशी असावा, हे फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात नोंदवला. परक्या देशात, आपली पदवी ज्याच्या हातात त्या गुरूच्या मताविरुद्ध. ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो. मुली ताठ बसून ऐकायच्या.

4. रक्ताची भाषा जवळची माणसंही बोलतात.

आमच्या शिक्षकखोलीत एकजण सहज म्हणून गेला, "या लोकांच्या रक्तातच दोष आहे." सिकलसेल आमच्याकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त आढळतो, त्यावरून. तेव्हा मी काही बोललो नाही. ते न बोलणं अजून सलतं.

आज बोललो असतो. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्ये दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. आणि त्याआधी कितीतरी वर्षं, 1936 मध्ये, लाहोरला होऊ न शकलेल्या, पण छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीला वंशशुद्धीचा आधार देणाऱ्यांना सरळ विचारलं होतं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्या वंशात फरक तो कोणता.

5. सांभाळ करणंही माणसाच्या इतिहासातच आहे.

इराकमधल्या शानिदर गुहेत एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला, 45,000 वर्षांहून जुना. डोक्याला जबर मार, एका डोळ्याने बहुधा आंधळा, उजवा हात निकामी. तरी त्या जखमा भरल्यानंतर तो कितीतरी वर्षं जगला. कुणीतरी त्याला सांभाळलं असलं पाहिजे. डार्विननेही 1871 च्या पुस्तकात लिहिलं की दुबळ्यांना वाऱ्यावर सोडलं तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भाग गमवावा लागेल. याच लेखकाच्या नावावर लोक निर्दयपणा खपवतात.

6. तपासणी आणि छाटणी यांत फरक आहे. तो रोज जपावा लागतो.

हे मला सर्वांत अवघड गेलं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं मी गावोगाव सांगत फिरलो. आणि मग पाहिलं, की मुलीचा अहवाल मागतात, मुलाचा नाही. ठरलेलं लग्न मोडतं ते मुलगी वाहक निघाली म्हणून, मुलाचं रक्त कुणी तपासलेलंच नसताना. अमेरिकेतही 1970 च्या दशकात सिकलसेलच्या निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. विज्ञान तेच, पण माहिती त्या जोडप्याच्या हाती द्यायची, की त्यांच्या कपाळावर शिक्का मारायचा, हे आपण ठरवतो. मी आता गावात मुलांचे अहवाल आधी मागतो.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. शिक्षक मित्रांनो, तो दोन तासांत उरकू नका. तुमच्याही वर्गात शेवटच्या बाकावर कुणीतरी तोच प्रश्न मनात घेऊन बसलेलं असेल. ते उभं राहण्याची वाट पाहू नका.