जुन्या गोळीने झापड, नव्या गोळीने का नाही?

प्रश्न : शिंका सुरू झाल्या की आमच्याकडे पूर्वी क्लोरफेनिरामिनची गोळी घेत, दिवसभर डोळ्यांवर झापड असायची. आता डॉक्टर फेक्सोफेनाडिन देतात, तिने झोप येत नाही. दोन्ही अ‍ॅलर्जीच्याच ना?

उत्तर : दोन्ही अ‍ॅलर्जीच्याच. शिंका आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला पेशीवरच्या त्याच्या जागी, म्हणजे ग्राहीवर, दोन्ही काम करू देत नाहीत. पण हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागे ठेवते. क्लोरफेनिरामिनचा रेणू लहान आणि मेदात सहज विरघळणारा, त्यामुळे तो बिनदिक्कत मेंदूत शिरतो. तो अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहींनाही अडवतो. तोंडाला कोरड पडते ती त्यामुळे. फेक्सोफेनाडिनचा रेणू बराच मोठा, एकाच वेळी धन आणि ऋण असे दोन्ही भार बाळगणारा. मेदाच्या पडद्यातून त्याला जाता येत नाही, आणि थोडाफार गेलाच तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला पी-ग्लायकोप्रोटीन हा प्रथिन-पंप त्याला परत रक्तात ढकलतो.

झोपेचे एवढेच. मला या गोळीचा पूर्वेतिहास जास्त थरारक वाटतो. तिच्याआधी टर्फेनाडिन होते. तेही झोप न आणणारे, अमेरिकेत धडाक्याने खपलेले. 1990 साली तिथल्या डॉक्टरांनी एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली : टर्फेनाडिनसोबत बुरशीवरचे किटोकोनॅझोल घेतल्यावर तिच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले होते. एरवी यकृतातले एक विकर जवळजवळ सगळे टर्फेनाडिन रक्ताभिसरणात पसरण्याआधीच बदलून टाकते. किटोकोनॅझोलने ते विकर अडवले, मूळ रेणू रक्तात साचला आणि हृदयपेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा त्याने बुजवल्या.

म्हणजे अ‍ॅलर्जीवर काम करत होता तो मुख्यतः यकृतात बदललेला रेणू! बदल तरी केवढा? एका टोकाच्या मिथाइल गटाच्या जागी कार्बोक्झिल गट, बाकी सांगाडा तसाच. तेवढ्याने हिस्टामिनच्या ग्राहीवरची पकड टिकली, पोटॅशियमच्या वाटेवरची सुटली. हा बदललेला रेणू म्हणजेच फेक्सोफेनाडिन. 1996 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि 1998 पर्यंत टर्फेनाडिन तिथल्या बाजारातून गेले.

सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीवरच्याच औषधाचा जन्मही असाच, हायड्रॉक्सिझिन या औषधापासून शरीरातच होणारा. मात्र त्याने काहींना पेंग येतेच.

एक व्यवहाराची गोष्ट : फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास आतड्यातून ते कमी शोषले जाते आणि शिंका चालूच राहतात.