बरा न होणारा चट्टा : लाज बाजूला ठेवून शिकायचा एक पाठ



शरीराचे अवयव शिकवताना डोक्यापासून पायापर्यंतची नावे आपण मुलांकडून म्हणून घेतो. एका अवयवाचं नाव मात्र वर्गातही घेत नाही आणि घरातही नाही. या गप्प बसण्याची किंमत मी आमच्याच घरात पाहिली.

माझ्या मोठ्या काकांना साठीनंतर शिश्नाच्या टोकावर लाल चट्टा आला. काकूलाही सांगितलं नाही. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणायचे, आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असं दीड वर्ष गेलं. चड्डीला रक्त लागलं तेव्हा कुठे चुलतभावाला सांगितलं. तोवर कर्करोग झाला होता. ऑपरेशन करून काही भाग काढावा लागला. आता काका बरे आहेत. हा लेख लिहायलाही त्यांनीच सांगितलं : "नाव घालू नको, पण लिही."

कर्करोगपूर्व बदल म्हणजे काय?

शाळेचं कुंपण डोळ्यासमोर आणा. मुलं मैदानात कितीही दंगा करोत, कुंपणाच्या आत आहेत तोवर आवरता येतात. त्वचेचंही तसंच आहे. वरच्या थरातल्या पेशी बिघडतात, वेड्यावाकड्या वाढतात, पण खालचा पातळ पडदा ओलांडत नाहीत. ही झाली कर्करोगपूर्व अवस्था. पडदा ओलांडून पेशी खोल गेल्या की तो कर्करोग. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतोच असं नाही, पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे घरी बसून सांगता येत नाही.

या बदलांमागे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे एचपीव्ही विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षे चालणारा दाह. पुढची कातडी मागे न सरणं, त्यामुळे स्वच्छता न होणं आणि लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग ही त्याची कारणं. तंबाखू आणि धूम्रपानाने धोका आणखी वाढतो.

तो दिसतो कसा?

• टोकावर किंवा कातडीच्या आतल्या बाजूला मखमलीसारखा, चमकदार लाल चट्टा
• दांड्यावर खवले धरलेला, किंचित जाड चट्टा
• पांढरट, कडक झालेली त्वचा. कातडी हळूहळू घट्ट होणं
• बरी न होणारी चीर, गाठ किंवा जखम

दुखतंच असं नाही. त्यामुळेच माणूस निर्धास्त राहतो.

निदान कसं करतात?

अडचण अशी की बुरशीचा संसर्ग, सोरायसिस किंवा साधी सूजही अशीच लाल दिसते. नुसत्या नजरेने अनुभवी डॉक्टरही खात्री देत नाहीत. ते आधी कातडी मागे घेऊन सगळा भाग बघतात आणि जांघेतल्या गाठी चाचपतात. साधा संसर्ग वाटला तर ठराविक दिवसांचं औषध देऊन परत बोलावतात. तीन-चार आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर बायोप्सी करायची.

बायोप्सी म्हणजे सुईने जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढणं. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून पेशी बिघडल्या आहेत का आणि पडदा ओलांडला आहे का, हे ठरवतात. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. रोग वाढतो तो तपासणी लांबवल्याने.

रिपोर्टवरच्या नावांनी गोंधळू नका. १९११ साली पॅरिसच्या केरा यांनी आणि १९१२ साली बोस्टनच्या बोवेन यांनी अशा चट्ट्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांची नावं अजून लिहिली जातात. हल्ली या सगळ्यांना मिळून 'पीइन' म्हणतात. या टप्प्यावर विशिष्ट मलम, लेझर किंवा फक्त कातडी काढणं एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. उपचारानंतरही तपासणीला जात राहावं लागतं, कारण चट्टा परत येऊ शकतो.

त्या ट्यूबबद्दल

मेडिकलमधून मनाने आणलेल्या खाजेच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली दबते, पण बिघडलेल्या पेशी जागेवरच राहतात. डॉक्टरही काही आजारांत स्टेरॉइड देतात, पण बघून आणि मोजून. त्वचारोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट, कोणाकडेही गेलात तरी चालेल.

आपल्या मुलांसाठी काय?

हा आजार प्रामुख्याने पन्नाशी-साठीनंतरचा, म्हणून मुलांच्या बाबतीत घाबरू नका. लहान मुलाची कातडी मागे न सरणं नैसर्गिक आहे. आंघोळ घालताना ती जोराने ओढू नका. चिरा पडून, व्रण होऊन ती खरोखरच घट्ट होते. ती आपोआप सरू लागली की मुलाला रोज साध्या पाण्याने धुवायला आणि धुऊन झाल्यावर परत पुढे घ्यायला शिकवा. टोक पांढरं, कडक झालं किंवा लघवी करताना दुखू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.

एचपीव्हीची लस फक्त मुलींची असा आपला समज आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस ९ ते २६ वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी मंजूर आहे. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. बालरोगतज्ज्ञांना विचारून बघा.

शेवटी एवढंच

मुलाला त्या अवयवाचं नाव संकोच न करता सांगा आणि "तिथे काही झालं तर मला सांग" हेही सांगा. आज जो मुलगा हे सांगायला शिकेल, तो साठाव्या वर्षीही सांगेल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा सहज विचारा. काकांना कोणी विचारलंच नव्हतं.