प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पिशवीवर लक्ष ठेवा

दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की पोटावर टाके दिसत नाहीत, म्हणून घरच्यांना ते किरकोळ वाटतं. आतली जखम भरायला मात्र साधारण सहा आठवडे लागतात. या काळात नातेवाईक सगळ्यात जास्त घाबरतात ते लघवीचा लाल रंग पाहून. सुरुवातीचे काही दिवस ती गुलाबी येतेच. 10 ते 14 दिवसांनी आतली खपली सुटते, तेव्हा पुन्हा एकदा लाल होते आणि पाणी व विश्रांती वाढवली की बहुधा निवळते. रक्त दाट असेल किंवा थांबतच नसेल, तर मात्र लगेच दाखवा.

मला जास्त धास्ती असते ती लघवी तुंबण्याची. लघवीसाठी घातलेली नळी असेपर्यंत तिला जोडलेली पिशवी दर दोन-तीन तासांनी पाहा. लघवी वाढत नसेल तर आधी पांघरूण बाजूला करा. बरेचदा नळी मांडीखाली दबलेली असते. नळी मोकळी असूनही थेंब येत नाही, ओटीपोट फुगलंय, रुग्ण कळवळतोय, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. मग सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. नळी ओढू तर मुळीच नका. ती आत फुग्याने अडकवलेली असते.

रुग्णाला उठवताना पिशवी छातीशी धरली जाते आणि लघवी उलटी आत जाते. पिशवी नेहमी कमरेखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. ती रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.

दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. शौचाला कुंथलं की रक्त येतं, म्हणून पपई, पालेभाज्या, गरज पडल्यास इसबगोल. जड उचलणं आणि दुचाकी चार ते सहा आठवडे बंद. रक्त पातळ करणारी गोळी मनाने सुरू करू नका. थंडी वाजून 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

नळी काढल्यावर काही आठवडे घाई होते, कपडे ओले होतात. त्यावरून कृपा करून बोलू नका. शरमेने अनेकजण पाणी पिणंच सोडतात. संबंधाच्या वेळी वीर्य बहुधा बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्याने अपाय होत नाही, पण हे पती-पत्नी दोघांनाही आधीच माहीत हवं.

काढलेल्या तुकड्यांचा बायोप्सी रिपोर्ट आठवणीने घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. या ऑपरेशनात ग्रंथीचा बाहेरचा भाग तसाच राहतो, त्यामुळे पीएसएची (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ताची) तपासणी पुढे कधी करायची तेही तेव्हाच विचारून घ्या.