चोर सोडून संन्याशाला फाशी!
(ट्रॅक्टरची बॅटरी कशी तपासावी?)



आपला निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. अशाच जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या काकांचा ट्रॅक्टर चालू होईना. ट्रॉलीत रांगडा कांदा भरलेला, लासलगावचा सकाळचा लिलाव गाठायचा, आणि चावी फिरवली की नुसतं टक् टक्! भरलेली ट्रॉली ढकलणार तरी कोण? काका म्हणाले, "बॅटरी गेली. आता नवीन आणावी लागणार." नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात, आणि कांद्याचे पैसे तर अजून हातात यायचे होते.

तेवढ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे मिस्त्री आले. ते म्हणाले, "आधी तपासू, मग बोलू." त्यांनी काय केले ते मी पाहिले, आणि त्याचे कारण गुरुजींनी समजावून सांगितले. तेच येथे लिहीत आहे.

तीन भाग, तीन कामे

बॅटरी म्हणजे शेततळे समजा. सेल्फ (स्टार्टर) म्हणजे त्यातून एकदम पाणी ओढणारा मोठा पाइप. अल्टरनेटर म्हणजे तळे पुन्हा भरणारी मोटर. ती इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते. तळे रिकामे दिसले म्हणून ते फुटले असेच म्हणायचे का? मोटर बंद असली तर?

शिसे आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्टे यांनी 1859 साली तयार केली. पूर्वी गाडी हँडल मारून चालू करत. 1912 साली अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ आला.

तपासणी 1 : बॅटरी

बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर सुमारे 2.1 व्होल्ट देते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. मीटरची लाल वायर धन टोकाला आणि काळी वायर ऋण टोकाला लावायची.

बुचांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने आम्लाची घनताही पाहता येते. भरलेल्या बॅटरीत ती सुमारे 1.26 ते 1.28 असते, निम्म्या बॅटरीत 1.20 च्या आसपास. पाच घरे सारखी आणि एकच फार कमी निघाले, तर ते घर खराब झाले असे समजावे.

काकांची बॅटरी 12.1 निघाली. म्हणजे मेलेली नव्हती, उपाशी होती! त्यात थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातले ऑइलही घट्ट होते. म्हणून पहाटेच तिची परीक्षा होते.

तपासणी 2 : चार्जिंग

शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडून काकांचा ट्रॅक्टर चालू केला. वायरी काढल्यावर मिस्त्रींनी पुन्हा मीटर लावला. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. मीटरने दाखवले 12.3! म्हणजे बॅटरी भरतच नव्हती.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबला. तो एकदम ढिला! तो घसरायचा आणि अल्टरनेटर नीट फिरायचा नाही. चार्जिंगचा लाल दिवा किती दिवस मिणमिणत होता, पण कोणी लक्षच दिले नव्हते. पट्टा ताणून पुन्हा चालू केले, तर मीटर 14.1 वर!

तपासणी 3 : सेल्फ

दिवसभरात बॅटरी भरली. संध्याकाळी गिअर न्यूट्रलला ठेवून, इंजिन बंद करायचा दांडा ओढून धरून काकांनी थोडा वेळ सेल्फ मारला. त्या वेळी बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. आमची 10.6 वर राहिली. सेल्फ ठीक!

बॅटरी भरलेली असून, मीटर 12 च्या आसपास राहूनही नुसते टक् टक् होत असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, ढिली अर्थिंग, सोलेनॉइड किंवा सेल्फमधले कार्बन पाहावेत.

ही काळजी घ्या

• बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी, काडी पेटवू नये.
• आम्ल डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर दवाखान्यात जावे.
• बॅटरी सोडताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना शेवटी जोडावे.
• बुचांच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी नको.
• मुलांनी हे काम मोठ्या माणसांबरोबर राहून फक्त पाहावे.

त्या दिवशी काकांचा सकाळचा लिलाव हुकला. कांदा दुपारच्या लिलावात गेला. पण नव्या बॅटरीचे पैसे वाचले. घाईने नवी बॅटरी बसवली असती, तर ढिल्या पट्ट्याने तीही आठवडाभरात उतरली असती. काका हसून म्हणाले, "चोर होता पट्टा, आणि आम्ही फाशी देत होतो बॅटरीला!"

पालकहो, आज घरी गेल्यावर तुमच्या ट्रॅक्टरचा लाल दिवा विझतो का, तेवढे बघा.

— इयत्ता सातवी, विज्ञान गट