ही प्रतिमा कोणाची?



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २२:१५-२१) परुशी आणि हेरोदीय प्रभू येशूला पेचात पकडू पाहतात. कैसराला कर द्यावा की नाही? येशू त्यांच्याकडे कराचे नाणे मागतो. आज आपण त्या नाण्याचा थोडा अभ्यास करू या.

ते नाणे म्हणजे दिनार. चांदीचे हे रोमन नाणे मजुराची एका दिवसाची मजुरी होती. त्या वेळी तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) हा सम्राट होता. त्याच्या दिनारावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असा लेख, तर दुसऱ्या बाजूला राजदंड घेऊन बसलेली स्त्री आणि ‘महायाजक’ ही पदवी असे. दूरच्या प्रांतातील लोकांनी सम्राटाला कधी पाहिले नव्हते. पण नाण्यावरून त्याची सत्ता त्यांच्या तळहातापर्यंत पोहोचत होती.

रोम शहरात हेच काम विजयाच्या मिरवणुका करीत. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी सम्राट व्हेस्पेशियन आणि त्याचा पुत्र तीतस यांनी मंदिरातील सात शाखांची समई रोममधून मिरवली. तीतसच्या कमानीवर ते दृश्य आजही दिसते. नाण्यांवरही खजुरीच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री, म्हणजे पराभूत यहुदिया, उमटवली गेली.

येशू कर नाकारत नाही. तो एवढेच विचारतो, की प्रतिमा कोणाची? ख्रिस्तसभेचे प्राचीन लेखक तर्तुल्यन यांनी याचा अर्थ उलगडून दाखवला आहे: नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून नाणे कैसराचे, माणसावर देवाची प्रतिमा आहे (उत्पत्ती १:२७), म्हणून माणूस देवाचा.

म्हणून आपण कर प्रामाणिकपणे भरू या; पण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणत्याही सत्तेच्या स्वाधीन करू नये. नोटेवरचा आकडा आपण नीट पाहून घेतो. ती नोट ज्या मजुराच्या हातावर ठेवतो, त्याच्या चेहऱ्याकडे मात्र आपण पाहतो का? सम्राटांचे चेहरे नाण्यांवर झिजून गेले. देवाची प्रतिमा त्या मजुराच्या चेहऱ्यावर आजही आहे.

चिंतनासाठी: या आठवड्यात कोणाची मजुरी आपण थकवली आहे? कोणाला कमी लेखले आहे?