स्वस्तातले घर

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईला असतो. अंधेरीला एका गोदामात तो कामाला आहे. बायको आणि एक लहान मुलगी, असा त्याचा संसार. जोगेश्वरीला भाड्याची खोली होती. अकरा महिने झाले की करार संपायचा. मग भाडे वाढायचे, नाहीतर खोली सोडावी लागायची. तीन वर्षांत त्याने तीनदा बिऱ्हाड हलवले.

एका चैत्रात त्याचे वडील माझ्याकडे आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. घरटी एक माणूस मुंबईला. आबांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला. त्यावर इमारतीचे चित्र होते.

"गुरुजी, पोरानं नालासोपाऱ्याला घर बघितलंय," आबा म्हणाले. "बावीस लाखाला मिळतंय. भावकी म्हणती, ती वस्ती लई वाईट, तिथं मारामाऱ्या होत्यात. पोरगं म्हणतंय, दुसरीकडं परवडत न्हाई. मी वीस गुंठं इकायचं ठरवलंय. तुमी काय म्हणता?"

मी म्हणालो, "आबा, जमीन एकदा गेली की परत येत नाही. आधी पाहू, मग ठरवू. मी तुमच्याबरोबर येतो."

आम्ही गेलो. तिथे जे शिकलो, ते या पाठात सांगतो. शहरात घर घेऊ पाहणारे कुणी ना कुणी आपल्या प्रत्येक गावात आहे. त्यांच्या उपयोगी पडेल.

नावावर जाऊ नका

नालासोपारा हे पश्चिम रेल्वेवरचे स्टेशन. वसई रोड आणि विरार यांच्या मध्ये ते येते. चर्चगेटहून गाडीने सुमारे दीड तास लागतो.

सोपारा हे गाव फार जुने. दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठे बंदर होते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला बौद्ध स्तूप खणून काढला. असे हे नामांकित गाव. पण आज त्याचे नाव काढले की काही लोक नाक मुरडतात. असे का झाले?

मुंबईत घर न परवडणारी माणसे इकडे येऊन राहिली. ती भराभर आली. इमारती भराभर उठल्या. पाणी, गटारे, रस्ते मागे पडले. वसई-विरार महानगरपालिका झाली ती २००९ साली. मिरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचे वेगळे पोलीस आयुक्तालय सुरू झाले १ ऑक्टोबर २०२० रोजी. म्हणजे माणसे आधी आली आणि व्यवस्था मागून आली. असे जिथे होते, तिथे आडदांडपणाला वाव मिळतो.

पण सगळे शहर एकसारखे नसते. एका गल्लीची गोष्ट दुसऱ्या गल्लीला लागू पडत नाही. अमक्या जातीचे, अमक्या धर्माचे, अमक्या प्रांताचे लोक राहतात म्हणून वस्ती वाईट, असे कुणी सांगितले तर त्याकडे कानाडोळा करा. पाणी येते का, रस्त्यावर दिवे लागतात का, बायाबापड्या निर्धास्त फिरतात का, हे विचारा. वस्तीची परीक्षा याच्यावरून होते.

तीन वेळा जाऊन पाहा

दलालाने आम्हांला घर रविवारी दुपारी दाखवले. रविवारी दुपारी कुठलीही वस्ती शहाणीच दिसते. म्हणून घर घ्यायचे तर तीन वेळा जावे.

पहिल्यांदा कामाच्या दिवशी सकाळी जावे. स्टेशनवर उभे राहून गाडीची गर्दी पाहावी. घरापासून कामापर्यंत किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोजावा. रोज जाऊन येऊन चार तास जाणार असतील, तर ते चार तासही घराच्या किमतीत धरावे.

दुसऱ्यांदा रात्री दहानंतर जावे. मी आणि आबा रात्री दहाला गाडीतून उतरलो. स्टेशनपासून चालत निघालो. बरीच दुकाने उघडी होती. ज्या रस्त्यावर दुकाने उघडी असतात, त्या रस्त्याला आपोआप राखण असते. पण शेवटची दोनशे पावले अंधार होता. कोपऱ्यावर दहा-बारा पोरे मोटारसायकली लावून बसली होती. मोठमोठ्याने हसत होती. आमच्याकडे कुणी पाहिलेही नाही.

आबा म्हणाले, "आपल्याला काय व्हतंय गुरुजी, आपण म्हातारी माणसं. पर सून कामावरनं आली तर?"

आबांनी बरोबर प्रश्न विचारला. त्याचे उत्तर दलाल देणार नव्हता. जवळच एक बाई गाडीवर वडापाव विकत होत्या. आबांनी त्यांना विचारले, "ताई, हितं कसं काय हाय?"

त्या म्हणाल्या, "ही पोरं गोंगाट करतात, पण ओळखीची आहेत. मी अकराला गाडी बंद करून एकटी घरी जाते. मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. त्या पलीकडच्या गल्लीत मात्र घर बघू नका. तिथं नवं बिऱ्हाड आलं की पैसे मागायला येतात."

बघा, दोन गल्ल्यांत पन्नास पावलांचे अंतर. एकीकडे गलबला आहे, दुसरीकडे भय आहे. गलबल्याची सवय होते. भयाची सवय होऊ देऊ नये.

तिसऱ्यांदा भर पावसात जावे. २०१८ च्या जुलैत या भागात एवढा पाऊस झाला, की नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि वसई-विरार गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. म्हणून तळमजल्याच्या भिंती पाहाव्या. पाणी चढल्याची खूण भिंतीवर राहते. रंगाने ती झाकली असेल, तर शेजाऱ्यांना विचारावे.

शिंग आणि पाय

आपण बैल घेतो तेव्हा काय पाहतो? थोडा मारका असला तरी चालतो. दावे आखूड बांधू, जपून वागू. पण पाय अधू असला तर कितीही स्वस्त असो, आपण तो घेत नाही.

घराचेही तसेच आहे. गोंगाट, गाडीची गर्दी, गल्लीतली घाण, उन्हाळ्यातला टँकर, या झाल्या शिंगाच्या खोडी. त्रास होतो, पण सोसता येतो. इमारतीतली माणसे एक झाली तर काही खोडी जातातही. दिवा लागतो, कचरा उचलला जातो.

बाईला जाता-येता भय वाटणे, गुंडांची वसुली, दरसाल घरात शिरणारे पाणी, या मोठ्या खोडी. इथे दहादा विचार करावा.

आणि कागद नसणे ही पायाची खोड. कागद नसलेले घर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

कागद पाहा

वाईट वस्ती डोळ्यांना दिसते. वाईट कागद दिसत नाही. म्हणून तो जास्त घात करतो.

नालासोपाऱ्यालाच ४१ इमारती होत्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या बेकायदा बांधल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या हुकुमाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या. सुमारे दोन हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यांनी घरासाठी पैसे मोजले होते. पण बांधकामच कायद्याचे नव्हते.

कल्याण-डोंबिवलीकडे ६५ इमारतींच्या परवानग्या खोट्या निघाल्या. खोटे कागद दाखवून त्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग रात्री कोसळला. १७ माणसे दगावली.

म्हणून पुढचे कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

१. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. जमीन कुणाची आहे, ते यात कळते.

२. बांधकामाची परवानगी. तिचा क्रमांक लिहून घ्या आणि स्वतः महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहा. दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

३. भोगवटा प्रमाणपत्र. इमारत परवानगीप्रमाणे झाली आणि राहायला योग्य आहे, असा हा दाखला असतो.

४. नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक. हा कायदा २०१६ चा आहे. करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या शेकडा १० पेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हा क्रमांक हवाच, पण फक्त त्यावर थांबू नका.

५. जुने घर असेल तर आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन आणि सोसायटीचे पत्र. घरावर कर्ज किंवा थकबाकी नाही ना, हे त्यावरून पाहावे.

६. हे सारे आपल्या वकिलाला दाखवा. बिल्डरचा वकील आपला नव्हे.

आणखी एक. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. खरेदी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावीच लागते.

हिशेब मांडा

किंमत बावीस लाख म्हणजे खर्च बावीस लाख नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांसाठी शहराप्रमाणे शेकडा ६ ते ८ वेगळे धरा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात शेकडा १ सूट मिळते.

समजा, १५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी काढले. व्याज शेकडा ९. तर हप्ता महिन्याला सुमारे १३,५०० रुपये बसतो. २० वर्षांत आपण ३२ लाख ४० हजार फेडतो. त्यात सोसायटीचा खर्च, टँकर, रेल्वेचा पास आणि रिक्षा मिळवा. मग स्वस्त घर खरोखर केवढ्याला पडते, ते समजते.

पुढे काय झाले

आम्ही दलालाकडे भोगवटा प्रमाणपत्र मागितले. तो हसला. "काका, इकडे सगळ्यांचं असंच असतं. पुढच्या वर्षी येईल. आज नोटरी करू, नाहीतर घर जाईल."

आम्ही परवानगीचा क्रमांक घेऊन महानगरपालिकेत गेलो. त्या क्रमांकाची परवानगी निघाली, पण दुसऱ्याच इमारतीची.

आबा बाहेर पायरीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीस गुंठं गेलं असतं, गुरुजी. बापानं कसलेलं रान."

मुलगा खाली मान घालून उभा होता. तेव्हा सूनबाई बोलली. "मामंजी, घर नको असं नाही. पण आधी त्या वडापाववाल्या मावशींच्या गल्लीत भाड्यानं राहून बघू. पावसाळा तिथं काढू. मग ठरवू."

त्यांनी तसेच केले. अकरा महिने राहिले. पाणी किती वाजता येते, कुठल्या गल्लीत तुंबते, शाळा कशी आहे, सारे कळले. शेवटी त्याच गल्लीत एका जुन्या सोसायटीतले घर मिळाले. तिसरा मजला. एक खोली आणि स्वयंपाकघर. आधीच्यापेक्षा लहान आणि दोन लाखांनी महाग. पण सर्व कागद खरे. घर सूनबाईच्या नावावर नोंदले. कर्ज काढून उरलेल्या रकमेसाठी आठ गुंठे विकावे लागले. बारा गुंठे राहिले.

गाडीची गर्दी तशीच आहे. चैत्र-वैशाखात टँकर येतो. कोपऱ्यावरची पोरेही तशीच बसतात. पण अंधाराच्या जागी आता दिवा आहे. गल्लीतल्या बायकांनी सह्या गोळा केल्या आणि अर्ज दिला. अर्ज सूनबाईने लिहिला.

आबा परवा भेटले. म्हणाले, "गुरुजी, आता बिऱ्हाड हलत न्हाई."

लक्षात ठेवा

वस्ती सकाळी, रात्री आणि पावसात पाहावी. तिथल्या बायकांना विचारावे. जमले तर आधी भाड्याने राहावे. कागद स्वतः ताडून पाहावे. तोपर्यंत जमीन विकू नये.

शब्दांचे अर्थ

अनधिकृत – परवानगी नसलेले
मुद्रांक शुल्क – खरेदीवर सरकारला द्यावा लागणारा कर
दुय्यम निबंधक – खरेदीखत नोंदवणारा सरकारी अधिकारी
ताडून पाहणे – दोन कागद जुळतात का ते बघणे

प्रश्न

१. गलबला आणि भय यांत काय फरक आहे?
२. आबांच्या मुलाने पाहिलेल्या पहिल्या घरात कोणती खोड होती?
३. तुमच्या गावातले कुणी शहरात घर घेणार आहे का? त्यांना कोणते सहा कागद पाहायला सांगाल? पाटीवर लिहा.