तपास : ऐकणे आणि पारखणे

गुप्त पोलिसाचे काम म्हटले की वेषांतर आणि पाठलाग डोळ्यांसमोर येतात. पुण्यातील एक जुना तपास मात्र निराळे चित्र दाखवतो.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना, प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. तपासासाठी मुंबईहून गुप्त पोलीस अधिकारी ब्रुइन पुण्यात आले. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात त्याच वर्षी निघाली होती. पुण्यातील तपासाची भिस्त मात्र माणसांच्या बोलण्यावर होती, आणि प्लेगच्या घरझडतीने दुखावलेले शहर सहजी बोलणारे नव्हते.

सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अखेर धागा मिळाला तो तुरुंगातील गणेश शंकर द्रविड याच्याकडून. दामोदर चापेकर पकडले गेले व १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी गेले. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या. खबर देणाऱ्याने आपल्या शब्दांची किंमत प्राणांनी चुकवली.

विद्यार्थी मित्रहो, स्वार्थातून आलेली माहितीही खरी असू शकते आणि सद्हेतूने सांगितलेली गोष्टही चुकीची ठरू शकते. म्हणून सांगणाऱ्याचा हेतू ओळखावा. सत्य मात्र स्वतंत्र पुराव्यावरच पारखावे.